लहान असेल ते आधी!

नागपूरहून चंद्रपूरला निघालेली एसटी आणि नागपूरहून हैदराबादला निघालेला ट्रक. जवळजवळ साठ किलोमीटर दोघं एकाच रस्त्यानं पळतात. बुटीबोरी मागे पडते, दोन्ही बाजूंना कपाशी आणि तुरीची वावरं लागतात, आणि मग येतं जाम. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव. इथे ट्रक हिंगणघाटकडे सरळ निघून जातो आणि एसटी डावीकडे वळून वरोऱ्याचा रस्ता धरते.

थांब्यावर घाई असते. कुणीतरी पायरीवर पाय ठेवूनच विचारतं, "काका, हिंगणघाट?" आणि कंडक्टरकाका आतूनच ओरडतात, "नाही बाप्पा, हे चंद्रपूर हाय. हिंगणघाटची मांगून येऊन रायली!"

श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा आपल्या देशातला सगळ्यात लांब राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक ४४, याच चौरस्त्यावरून जातो. जुन्या लोकांच्या तोंडी अजून त्याचा आधीचा नंबर असतो, सात. आता या चौरस्त्यावर उभं राहून फोनमध्ये 'चंद्रपूर' असं टाका. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच निळी रेघ तयार! किती किलोमीटर, किती वेळ, सगळं हजर.

फोननं एवढ्या वेळात सगळे रस्ते तपासले का? छे! सगळे तपासत बसला असता तर तुम्ही चंद्रपूरला पोचून, जेवून, झोपलाही असतात. फोन एक युक्ती वापरतो. ती तीन शब्दांत मावते: लहान आधी उचला.

आज आपण ही युक्ती चार कामांना लावून बघणार आहोत. तीन कामांत ती बाजी मारते. चौथ्यात मात्र सपशेल आपटते. का आपटते, तीच तर खरी गंमत आहे.

नकाशा फेका, ठिपके ठेवा

आधी एक कागद घ्या. त्यावर नऊ ठिपके काढा आणि त्यांना नावं द्या: नागपूर, बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वर्धा, उमरेड, चिमूर, वरोरा, चंद्रपूर. आता रस्त्यांच्या रेषा ओढा आणि प्रत्येक रेषेवर किलोमीटर लिहा.

नागपूर–बुटीबोरी ३०
नागपूर–उमरेड ४५
बुटीबोरी–जाम ३०
बुटीबोरी–वर्धा ५०
जाम–हिंगणघाट १५
जाम–वरोरा ४५
वर्धा–हिंगणघाट ३५
उमरेड–चिमूर ५०
चिमूर–वरोरा ४५
वरोरा–चंद्रपूर ४५

हे आकडे बेरजेला सोपे पडावेत म्हणून मी गोल केले आहेत. उद्या रस्त्यावरच्या दगडांशी ताडून माझ्याशी भांडू नका! मधले लहान रस्तेही गाळले आहेत. नद्या, पूल, वळणं, धाबे, टोलनाके, सगळं गेलं. उरले ते नऊ ठिपके आणि दहा रेषा. गणितात याला 'ग्राफ' म्हणतात. शाळेत आपण आलेखाच्या कागदावर काढतो तो ग्राफ वेगळा, हा वेगळा.

या ठिपके-रेषांच्या गणिताची सुरुवात झाली १७३६ साली. लिओनार्ड ऑयलर नावाच्या गणितज्ञानं एका शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवलं आणि सांगितलं की पुलांची लांबी-रुंदी विसरा, कोण कुणाला जोडलंय तेवढंच बघा. या ऑयलरचाच एक अंदाज पुढे पावणेदोनशे वर्षांहून जास्त टिकून होता. तो एका वेगळ्या कोड्याबद्दलचा होता. तो खोटा ठरवणारे तिघे जण १९५९ साली पुढे आले. त्यातले एक होते शरच्चंद्र शंकर श्रीखंडे, आपल्या नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवू लागलेले. दुसरे राजचंद्र बोस, तिसरे अर्नेस्ट पार्कर. बातमी थेट न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली!

त्याच वर्षी श्रीखंडे यांनी एक अजब ग्राफही दाखवून दिला. त्यात सोळा ठिपके. प्रत्येक ठिपक्याला बरोब्बर सहा शेजारी. आणि कुठलेही दोन ठिपके निवडा, दोघांचे सामाईक शेजारी नेहमी दोनच, ना एक जास्त ना एक कमी. जगभरची पुस्तकं त्याला 'श्रीखंडे ग्राफ' म्हणतात. श्रीखंडे सर १०२ वर्षं जगले. २०२० साली ते गेले.

हे आकडे मोजले कुणी?

ठिपके जोडणं सोपं, पण रेषेवरचा आकडा कुठून आणायचा? दोन गावांतलं अंतर कुणीतरी कधीतरी मोजायला हवंच ना!

जामहून पंधराएक किलोमीटरवर हिंगणघाटला एका इंग्रजाची कबर आहे. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. १८०२ साली त्यानं मद्रासजवळून भारत मोजायला सुरुवात केली. एक मैल, दहा मैल नव्हे हं, अख्खा भारत! त्याची रीत ऐका. जमिनीवर एकच रेषा साखळीनं अगदी काटेकोर मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे दुर्बिणीनं बघायचं आणि फक्त कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू कागदावर गणितानं निघतात. ती निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो दक्षिणेकडून वर सरकत आला. हैदराबादहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो सत्तरीच्या आसपास होता. काम मात्र थांबलं नाही. ते जॉर्ज एव्हरेस्टनं पुढे चालवलं. हो, तोच. ज्याचं नाव शिखराला दिलंय!

लॅम्बटनचे त्रिकोण म्हणजेसुद्धा ठिपके आणि रेषाच. टेकड्या हे ठिपके, दुर्बिणीतून दिसणारी नजर ही रेषा.

काम पहिलं: चंद्रपूर गाठा

चला, कामाला लागू. नागपूरहून चंद्रपूरला सगळ्यात जवळचा रस्ता कोणता? पेन्सिल घ्या, कागदावर माझ्याबरोबर करत चला.

नागपूरवर लिहा ०. इथूनच निघायचंय.

नागपूरहून थेट कुठे जाता येतं? बुटीबोरी (३०) आणि उमरेड (४५). हे आकडे त्या ठिपक्यांवर पेन्सिलीनं लिहा. दोघांत लहान कोण? बुटीबोरी. तिच्या तीसवर आता पेननं गोल करा. पेनचा गोल म्हणजे हा आकडा पक्का झाला, आता बदलणार नाही.

बुटीबोरीहून पुढे? जाम: ३० अधिक ३०, म्हणजे ६०. वर्धा: ३० अधिक ५०, म्हणजे ८०. पेन्सिलीनं लिहा. आता पेन्सिलीचे आकडे तीन आहेत: उमरेड ४५, जाम ६०, वर्धा ८०. सगळ्यात लहान उमरेड. करा गोल. उमरेडहून चिमूर, ९५.

आता लहान कोण? जाम, ६०. गोल! जामहून हिंगणघाट ७५, वरोरा १०५.

पुढचा लहान हिंगणघाट, ७५. गोल. हिंगणघाटहून वर्ध्याला जाता येतं, ७५ अधिक ३५ म्हणजे ११०. पण वर्ध्यावर तर आधीच ८० लिहिलंय. ११० जास्त आहेत, म्हणून सोडून द्या. मग वर्धा, ८०, गोल. मग चिमूर, ९५, गोल. चिमूरहून वरोरा १४० होतात, पण तिथे आधीच १०५ आहेत. तेही सोडा. वरोरा, १०५, गोल. आणि शेवटी चंद्रपूर: १०५ अधिक ४५, म्हणजे १५०. गोल!

झालं. रस्ता निघाला: नागपूर, बुटीबोरी, जाम, वरोरा, चंद्रपूर. आपली एसटी जामला डावीकडे का वळते ते कळलं ना?

तुमच्यातला एखादा चौकस हात वर करेल: "पण जामवर पेननं गोल करायची एवढी घाई काहून? दुसऱ्या एखाद्या वाटेनं जाम ५५ वर निघालं असतं तर?" चांगला प्रश्न आहे. नीट बघा. जामवर गोल केला तेव्हा पेन्सिलीत उरलेले ठिपके होते वर्धा (८०) आणि चिमूर (९५). दुसऱ्या कुठल्याही वाटेनं जामला यायचं तर या दोघांपैकी एकाला ओलांडूनच यावं लागेल. म्हणजे तिथे पोचेपर्यंतच साठच्या पुढे गेलो! आणि उणे किलोमीटरचा रस्ता जगात नसतो, त्यामुळे पुढे गेल्यावर आकडा कमी व्हायचा प्रश्नच नाही. म्हणून पेन्सिलीतला सगळ्यात लहान आकडा हा नेहमी पक्काच असतो. युक्तीचा सगळा जोर इथे आहे.

ही रीत शोधली एड्सगर डायक्स्ट्रा या डच माणसानं, १९५६ साली. वय सव्वीस. ॲमस्टरडॅममध्ये तो होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमला होता. दोघं कॉफी प्यायला बसले आणि तिथे वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, त्यानं ही रीत मनातल्या मनात जुळवली. त्याच्या संस्थेत 'आरमॅक' नावाचा नवा संगणक आला होता. सामान्य माणसांना त्याची करामत दाखवायला एखादं सोपं, सगळ्यांना कळणारं काम हवं होतं. त्यानं नेदरलँड्समधली ६४ शहरं घेतली आणि संगणकाकडून त्यांच्यातले जवळचे रस्ते शोधून घेतले. १९५९ साली ही रीत छापून आली, अवघ्या तीन पानांत.

आजचे नकाशे याच रीतीची सुधारून वेगवान केलेली रूपं वापरतात. फरक एवढाच की ते रेषेवर किलोमीटरऐवजी मिनिटं लिहितात, आणि चौकात गाड्या तुंबल्या की ती मिनिटं वाढवतात.

काम दुसरं: तार कमीत कमी लागू दे

आता रस्ता नको, तार टाकायची आहे. समजा, नऊही गावं इंटरनेटच्या एका केबलनं जोडायची आहेत. केबल रस्त्याच्या कडेनंच टाकायची. कुठल्याही गावाहून कुठल्याही गावाला निरोप पोचला पाहिजे, थेट नसला तरी चालेल. केबल महाग, म्हणून कमीत कमी लागली पाहिजे. दहाही रस्त्यांच्या कडेनं टाकली तर ३९० किलोमीटर लागेल. कमी करता येईल?

तीच युक्ती! सगळ्यात लहान रेषा आधी उचला. फक्त एक अट पाळा: जी रेषा उचलल्यानं गोल फेरा पूर्ण होईल, ती टाकून द्या. फेरा झाला म्हणजे ती दोन गावं आधीच जोडलेली होती, मग पुन्हा कशाला केबल?

जाम–हिंगणघाट १५, घ्या. नागपूर–बुटीबोरी ३० आणि बुटीबोरी–जाम ३०, घ्या. वर्धा–हिंगणघाट ३५, घ्या. मग पंचेचाळीसवाल्या चार: नागपूर–उमरेड, जाम–वरोरा, चिमूर–वरोरा, वरोरा–चंद्रपूर. चारही घ्या. आता बुटीबोरी–वर्धा ५०. बुटीबोरीहून जाम, हिंगणघाट करत वर्ध्याला आधीच जाता येतंय. टाकून द्या. उमरेड–चिमूर ५०. तीही नको. बेरीज करा: २९०. शंभर किलोमीटर केबल वाचली!

हा प्रश्न १९२६ साली ओटाकार बोरूवका या चेक गणितज्ञानं सोडवला, आणि तोही खऱ्याखुऱ्या गरजेपोटी. मोरावियात वीज पोचवायची होती आणि तारा कमीत कमी लागायला हव्या होत्या. आपण आत्ता वापरलेली सोपी रीत जोसेफ क्रुस्कल या अमेरिकी गणितज्ञाची, १९५६ सालची. हो, १९५६ म्हणजे डायक्स्ट्राच्या कॉफीचंच साल.

काम तिसरं: माहिती दाबून बसवा

आता कंडक्टरकाकांच्या तिकिटाच्या मशीनकडे वळू. खरं मशीन कसं चालतं ते बाजूला ठेवा, आपण आपलं खेळातलं मशीन बनवू. जामच्या थांब्यावर सोळा तिकिटं फाटली: नागपूरची ८, हिंगणघाटची ४, चंद्रपूरची २, वर्ध्याचं १ आणि आदिलाबादचं १. ही यादी मुख्य ऑफिसला पाठवायची आहे. पण मशीनला दोनच चिन्हं येतात, ० आणि १.

साधा हिशेब: गावं पाच. दोन चिन्हांच्या चारच जोड्या होतात (००, ०१, १०, ११), त्या पुरत नाहीत. म्हणून प्रत्येक गावाला तीन चिन्हं द्या. सोळा तिकिटांची चिन्हं झाली १६ गुणिले ३, म्हणजे ४८.

पण थांबा. नागपूरचं तिकीट आठ वेळा येतं आणि आदिलाबादचं एकदाच. मग दोघांना सारखीच लांब चिन्हं का? जे वारंवार येतं त्याचं चिन्ह आखूड हवं, क्वचित येतं त्याचं लांब असलं तरी चालेल. पण किती आखूड, किती लांब?

पुन्हा आपली युक्ती. सगळ्यात लहान दोन आकडे उचला आणि त्यांची एक गठडी बांधा. वर्धा १ आणि आदिलाबाद १, गठडी २ ची. आता सगळ्यात लहान दोन: ही गठडी (२) आणि चंद्रपूर (२). त्यांची गठडी ४ ची. मग ती आणि हिंगणघाट (४), झाले ८. शेवटी ती आणि नागपूर (८), झाले १६. आता उलटं सोडवत या. प्रत्येक गठडी उघडताना एका भागाला ० द्या, दुसऱ्याला १.

नागपूर ०
हिंगणघाट १०
चंद्रपूर ११०
वर्धा १११०
आदिलाबाद ११११

मोजा: नागपूरची ८ चिन्हं, हिंगणघाटची ८, चंद्रपूरची ६, वर्ध्याची ४, आदिलाबादची ४. एकूण ३०. अठ्ठेचाळीसची तीस झाली, आणि एकही तिकीट हरवलं नाही!

"पण सगळी चिन्हं एकमेकांना चिकटून आली तर कुठलं कुठे संपलं ते कसं कळणार?" करून बघा. ०१०११०० हे वाचा. पहिलं ०, म्हणजे नागपूर. मग १०, हिंगणघाट. मग ११०, चंद्रपूर. उरलं ०, नागपूर. मध्ये स्वल्पविराम नाही, जागा नाही, तरी गोंधळ नाही. कारण कुठल्याही गावाचं चिन्ह दुसऱ्या गावाच्या चिन्हाची सुरुवात नाहीये.

या रीतीचा जन्म परीक्षेच्या भीतीतून झाला म्हणा ना! १९५१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत रॉबर्ट फॅनो हे प्राध्यापक शिकवत होते. त्यांनी मुलांना सांगितलं, परीक्षा द्या नाहीतर एका प्रश्नावर निबंध लिहा. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्यानं परीक्षा टाळायला निबंध घेतला. प्रश्न होता: सगळ्यात कमी चिन्हं लागतील अशी वाटणी कशी करायची? हा प्रश्न खुद्द फॅनोंनाही सुटलेला नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! महिनोन्‌महिने झटून तो कंटाळला, कागद टोपलीत टाकायला निघाला आणि नेमकं तेव्हाच सुचलं. फॅनो वरून खाली वाटणी करत होते. हफमननं खालून, सगळ्यात लहानापासून सुरुवात केली. १९५२ साली ते छापून आलं. तुमच्या झिप फाइलमध्ये, फोटोच्या जेपीजी फाइलमध्ये आजही हफमन बसलेला आहे.

काम चौथं: आणि युक्ती आपटली

तीन सामने जिंकले. आता कॉलर ताठ करून चौथ्याकडे जाऊ.

एक पार्सलवाला दादा जामहून मोटारसायकल काढतो. महामार्गावरच त्याला चार ठिकाणी पार्सलं द्यायची आहेत: नागपूरच्या दिशेला ४ आणि १५ किलोमीटरवर, हिंगणघाटच्या दिशेला ५ आणि ३० किलोमीटरवर. चारही देऊन जामला परत यायचं. दादानं आपला लेख वाचलाय, त्यामुळे तो म्हणतो, "जे जवळ ते आधी!"

सुरुवातीला सगळ्यात जवळ नागपूरकडचं ४. गेला, ४ किलोमीटर. आता तिथून नागपूरकडचं १५ वरचं ठिकाण ११ किलोमीटर दूर, आणि हिंगणघाटकडचं ५ वरचं ९ किलोमीटर दूर. जवळ ते आधी! वळला मागे, ९ किलोमीटर. आता तिथून हिंगणघाटकडचं ३० वरचं २५ दूर, नागपूरकडचं १५ वरचं २० दूर. पुन्हा वळला, २०. आता उरलं ३० वरचं, ४५ किलोमीटर दूर. मग घरी परत, ३०. बेरीज: ४ + ९ + २० + ४५ + ३० = १०८.

जामच्या चौकातून तीनदा गेला बिचारा! आणि शहाण्या माणसानं काय केलं असतं? नागपूरकडची दोन्ही पार्सलं देऊन आला असता, १५ जा, १५ ये. मग हिंगणघाटकडची दोन, ३० जा, ३० ये. एकूण ९०. आपल्या लाडक्या युक्तीनं दादाला अठरा किलोमीटर फुकट हिंडवलं.

असं का झालं? चंद्रपूरच्या वेळी आपण लहान आकडा उचलला तो पक्का होता, पुढचं काहीही त्याला बिघडवू शकत नव्हतं. इथे मात्र आत्ताची स्वस्त उडी पुढच्या उड्या महाग करते. आज वाचवलेले दोन किलोमीटर उद्या दुपटी-तिपटीनं वसूल होतात. म्हणून युक्ती वापरण्याआधी विचारायचं: आत्ता उचललेलं लहान पुढे अंगाशी तर येणार नाही?

एका सरळ रस्त्यावर शहाणपण सोपं होतं. पण गावं चहूकडे पसरलेली असतील तर? सगळे क्रम तपासू म्हणाल, तर मोजा. चार गावांचे क्रम ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. दहा गावांचे ३६,२८,८००. पंधरा गावांचे एक लाख तीस हजार कोटींहून जास्त! सेकंदाला एक कोटी क्रम तपासणारा संगणक पंधरा गावांना दीड दिवस घेईल. आणि वीस गावांना? साडेसात हजारांहून जास्त वर्षं. फक्त पाच गावं वाढली हो!

मोठाल्या फेऱ्याही माणसानं सोडवल्या आहेत, पण त्या नाना क्लृप्त्या लढवून. १९५४ साली जॉर्ज डँट्झिग आणि त्याच्या दोन साथीदारांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांची सगळ्यात आखूड फेरी काढली. २००६ साली ८५,९०० ठिपक्यांची फेरी सुटली. तरी सगळ्याच फेऱ्यांना झटपट लागू पडेल अशी एक रीत कुणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. या कोड्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे, त्याला २००० साली अमेरिकेतल्या क्ले संस्थेनं दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलंय. ते अजून तसंच पडून आहे.

वावरातून आडवा जाणारा

डँट्झिगचं नाव आलंच आहे, तर त्याची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिचा शेवट आपल्या माणसापाशी होतो.

समजा, एक सूतगिरणी आहे. तिथे जाड सूत निघतं आणि बारीक सूत निघतं. कापूस ठरावीक, यंत्रांचे तास ठरावीक, वीज ठरावीक. दोन्ही सुतांवरचा नफा वेगळा. मग कुठलं किती काढलं म्हणजे नफा सगळ्यात जास्त होईल? जमण्याजोगे सगळे पर्याय आलेखाच्या कागदावर मांडले की सरळ कडांची एक आकृती मिळते. अगदी वावरासारखी: चहूबाजूंनी धुरे, आणि धुरे जिथे मिळतात तिथे कोपरे. सगळ्यात जास्त नफा नेहमी कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यावर सापडतो.

डँट्झिगनं १९४७ साली रीत काढली ती अशी: एका कोपऱ्यावर उभे राहा, नफा वाढेल त्या धुऱ्यानं पुढच्या कोपऱ्यावर जा, आणि नफा वाढायचा थांबला की मुक्काम. बहुतेक वेळा हे झटपट होतं. पण सूत दोन प्रकारचं नसून वस्तू हजारो असतील, तर कोपरे अफाट होतात. काही आडमुठ्या वावरांत ही धुऱ्याधुऱ्याची चाल जवळजवळ सगळे कोपरे फिरवते.

१९७९ साली लिओनिड खाचियान या सोव्हिएत गणितज्ञानं हमखास वेळेत सुटणारी रीत दाखवली, पण ती प्रत्यक्षात फार मंद निघाली. आणि मग १९८४ साली आले नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरला जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले, तेव्हा अमेरिकेत काम करणारे. त्यांनी धुरा सोडलाच! वावराच्या आतून, मधोमध वाट काढत ते थेट चांगल्या कोपऱ्याकडे निघाले. वेळेची हमीही होती आणि वेगही होता. विमान कंपन्यांची वेळापत्रकं, टेलिफोनचं जाळं अशा अवाढव्य हिशेबांवर त्यांच्या रीतीची चाचणी झाली. 'करमरकर अल्गोरिदम' या नावानं ती जगभर शिकवली जाते.

आता पाळी तुमची

१. बुटीबोरी ते जाम रस्ता बंद पडला. त्या रेषेवर फुली मारा आणि नागपूर–चंद्रपूरचं गणित पेन-पेन्सिलीनं पुन्हा करा. किती किलोमीटर? कुठून?

२. कंडक्टरकाकांकडून आलं: ११०१०१११०. कुठली तीन तिकिटं?

३. तुमच्या गावातली पाच घरं आणि तुमची शाळा कागदावर काढा, पावलांनी अंतरं मोजा. शाळेतून निघून पाचही घरी जाऊन परत यायचंय. 'जवळ ते आधी' या रीतीनं किती पावलं होतात? आणि डोकं लढवून त्याहून कमी करता येतात का?

(उत्तरं: १. १८५ किलोमीटर, उमरेड, चिमूर, वरोरा मार्गे. २. चंद्रपूर, हिंगणघाट, वर्धा. तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमची घरं मी कुठे बघितलीत? पण पाच घरांचे क्रम १२० च असतात. चार मित्रांनी वाटून घेतले तर प्रत्येकाला तीस. एका सुट्टीच्या दुपारी सगळे तपासून होतील. सहावं घर वाढवायच्या आधी मात्र आकडेमोड करून घ्या!)